चावी काढली तरी गाडी चालूच

मे महिन्यातली दुपार, नागपूरच्या लक्ष्मीभुवन चौकात गाडी लावली, चावी काढून खिशात टाकली आणि इंजिन आपलं टकटकटकटक चालूच. पानठेल्यावरचा एक जण येऊन म्हणतो, "काहून भाऊ, बंद नाही होऊन राहिली का?" म्हटलं हाव ना. शेवटी बॉनेट उघडून डिझेल पंपाजवळचा स्टॉप लिहिलेला दांडा दाबला तेव्हा कुठे शांत झाली.

ही आमच्या मोठ्या काकांची १९८१ ची मर्सिडीज २४० डी, डब्ल्यू १२३ म्हणतात ती. आता माझ्या गळ्यात आहे.

कामठी रोडवरच्या मिस्त्रींकडे नेली. ते म्हणे दरवाजे दाखवा. मला वाटलं उन्हाचा परिणाम झाला यांच्यावर, इंजिन बंद होत नाही अन् हे दरवाजे पाहून राहिले. पण खरंच तिथेच होतं. या डिझेल गाडीचं सेंट्रल लॉक विजेवर नाही, व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून केलेल्या पोकळीवर चालतं आणि इंजिन बंद करायलाही तोच व्हॅक्यूम लागतो, इंजिनवरचा एक छोटा पंप तो तयार करतो आणि बारक्या प्लास्टिकच्या नळ्यांनी गाडीभर फिरवतो. मागच्या डाव्या दरवाजातला, लॉक ओढणारा रबरी पडदा कडक होऊन चिरला होता, तिथून हवा शिरायची, त्यामुळे चावी फिरवली तरी डिझेल पंपातून जाणारं डिझेल तोडायला ओढच उरायची नाही. चाळीस वर्षांचं रबर आणि नागपूरचं पंचेचाळीस डिग्री, काय टिकणार बाप्पा.

पत्र्याची कथा वेगळीच. आधी कोणीतरी मागच्या काचेखाली गंजावर नुसती लांबी थापून रंग मारला होता. मिस्त्रींनी चुंबक लावलं तर सटकन खाली. खरवडलं तर आत बोट जाईल एवढं भोक. काकांनी त्या कामाचे चांगले पैसे मोजले होते, त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

शाळेत असताना मला या गाडीची लाज वाटायची. मित्राच्या बाबांनी एस्टीम घेतली होती, गुळगुळीत, नवीकोरी, आणि आमची ही गोल दिव्यांची, क्रोमच्या बंपरची म्हातारी. १९८२ नंतर अमेरिका सोडली तर या मॉडेलला चौकोनी दिवे आले, आमचीला तेही नाहीत. आज एस्टीम दिसली की सरळ नाइन्टीज आठवतात, आणि हिच्याभोवती फुटाळा तलावावर पोरं सेल्फी घेतात. दिव्यांच्या काचाही खऱ्या काचेच्या, त्यामुळे नंतरच्या गाड्यांचे प्लास्टिकचे दिवे जसे उन्हाने पिवळे पडतात तसे हे पडत नाहीत. डॅशबोर्ड मात्र तडकलाच, ते प्लास्टिकच.

मागच्या दिव्यांना आडव्या खाचा आहेत ना, लहानपणी मला ती नुसती नक्षी वाटायची. त्या चिखलासाठी आहेत, उंच पट्ट्या माखल्या तरी आतल्या खाचा स्वच्छ राहतात आणि दिवा दिसतो. जुलैमध्ये वर्धा रोडच्या बाजूला एखाद्या शेतात जाऊन या, काळी माती गाडीभर माखते पण मागचा दिवा कळतो.

ब्रुनो साको १९७५ मध्ये मर्सिडीजच्या डिझाइनचे प्रमुख झाले, तेव्हा ही गाडी जवळपास तयारच होती. नवी गाडी आली म्हणून आधीची एकदम जुनाट दिसू नये, हा त्यांचा हट्ट. म्हणून १९८४ ची डब्ल्यू १२४ हिच्या शेजारी लावली तर घरातलीच वाटते, धाकटी बहीण. पुढे १९९५ मध्ये चार लंबगोल डोळ्यांची आली तेव्हा मी वेडा झालो होतो तिच्यासाठी, आणि आता तिघींत तीच जुनी वाटते. माझं मत, भांडू नका.

तर तो पडदा अजून मिळालेला नाही. मिस्त्रींनी त्या दरवाजाची नळी काढून तोंडात स्क्रू कोंबला, इंजिन पहिल्या झटक्यात बंद. फक्त मागचा डावा दरवाजा आता हाताने लॉक करावा लागतो आणि आई नेमकी तिथेच बसते, उतरली की रोज विसरते.