तुम्ही विचारलंत म्हणून: युद्धातली सरकारी बातमी कशी फिरते

रत्नागिरी-दापोलीकडच्या ज्या घरांतली मुलं बोटीवर असतात, तिथून हा प्रश्न हमखास येतो: ‘युद्धात सरकारं काल एक सांगतात, आज दुसरंच. धरायचं काय?’ एकेका निवेदनाच्या खरेखोटेपणात अडकू नका. ते कसं बदलत गेलं, ते बघा.

‘मोस्क्वा’ ही काळ्या समुद्रातल्या रशियन ताफ्याची मुख्य युद्धनौका. एप्रिल २०२२ मध्ये, युक्रेन युद्धात, रशियन सरकारने आधी सांगितलं, आग लागली, दारूगोळ्याचा स्फोट झाला, सगळे खलाशी उतरवले. मग, नौका तरंगतेय, ओढून बंदरात नेतोय. १४ तारखेला रात्री, ओढून नेताना खवळलेल्या समुद्रात बुडाली. आमची दोन नेपच्यून क्षेपणास्त्रं लागली, असं युक्रेन सांगत होता. रशियाच्या निवेदनांत क्षेपणास्त्राचं नावही नाही. २२ तारखेला आकडे आले: १ मृत, २७ बेपत्ता, ३९६ बचावले. मधले आठ दिवस त्या २८ घरांनी कसे काढले असतील, हे खलाशांच्या गावांना सांगायला नको.

आपल्याकडेही झालंय. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीचा स्फोट झाला. जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी बातमी दिली. इंग्रज सरकारच्या सेन्सॉरने वार्ताहरांना मेच्या दुसऱ्या आठवड्यात मोकळीक दिली. तोवर मुंबईची खबर शत्रूच्या रेडिओवरच!

एक वही करा. रकाने चार: तारीख, कोण बोललं, शब्द जसेच्या तसे, आणि कशाबद्दल बोलणं टाळलं. चौथा रकाना भरायला वेळ लागतो, पण सगळ्यात जास्त तोच सांगतो. युद्धाचं नाव, उद्दिष्ट आणि माघारीचं कारण यांवर नजर ठेवा. रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ ला ‘विशेष लष्करी कारवाई’ म्हटलं, उद्दिष्ट युक्रेनचं ‘निर्लष्करीकरण’ आणि ‘नाझीमुक्ती’. कीव्हजवळ फौजा अडकल्यावर २५ मार्चला मुख्य उद्दिष्ट पूर्व युक्रेनमधल्या डोनबास भागाची ‘मुक्ती’ झालं. ३० जूनला काळ्या समुद्रातलं स्नेक आयलंड हे बेट सोडलं, ते म्हणे ‘सदिच्छा’ म्हणून. सप्टेंबरात ईशान्य युक्रेनमधल्या खार्किव्हकडची पीछेहाट ही सैन्याची ‘फेरजुळणी’. माघार हा शब्द कुठेच नाही. देशात कुणी वेगळं बोलावं, तर सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवल्याबद्दल १५ वर्षांपर्यंत कैदेचा कायदा ४ मार्चलाच झाला होता.

वही बहुतेकांची फसते ती एकाच बाजूची नोंद ठेवल्याने. त्याच स्नेक आयलंडवरचे १३ पहारेकरी मारले गेले, असं युक्रेनने सुरुवातीला जाहीर केलं. काही दिवसांतच ते जिवंत आणि कैदेत असल्याचं त्यांच्याच नौदलाने सांगितलं. दुरुस्ती केली, हे महत्त्वाचं. तीही तारखेसह लिहा.

समुद्राबद्दलचा दावा असेल तर तुम्हाला तपासणं सोपं आहे. ‘खवळलेला समुद्र’ म्हटलं, की त्या दिवशीचा तिथला वारा आणि लाटांची उंची हवामान नोंदीत बघा. भाषांतर दोन ठिकाणचं ताडून पाहा, कारण ‘माघार’ आणि ‘फेरजुळणी’ यांची अदलाबदल तिथेच होते. आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या स्क्रीनशॉटवर तारीख नसेल, तर तो वहीत घेऊ नका.