हाडं साडेसात वर्षांची

आज लेकीच्या डाव्या हाताचा एक्स-रे काढला. पडली-बिडली नाही, वर्गात सगळ्यांत बुटकी आहे म्हणून 'बोन एज', म्हणजे हाडांचं वय, बघायला सांगितलं होतं. हात सपाट ठेवायचा, बोटं जरा फाकवायची, झालं. आधी "दुखेल?" आणि मग "एवढंच?"

डॉक्टरांनी फिल्म पडद्यावर मोठी करून दाखवली. प्रत्येक बोटाच्या हाडाच्या टोकाशी एक बारीक काळी फट. माझ्या पोटात गोळाच आला, मोडलंय की काय! तर ती वाढीची कूर्चा. एक्स-रेत कूर्चा उमटत नाही, नुसती फट दिसते. ती बुजली की त्या हाडाची लांबी वाढायची थांबते.

मनगटाचं तर नवलच. तिथे 8 हाडं, पण जन्मतः बहुधा एकही दिसत नाही. मग एकेक उगवत जातं, वाटाण्याएवढं पिसिफॉर्म सगळ्यांत शेवटी. आम्ही दोघींनी बोट लावून मोजली, सातच भरली.

ही फिल्म ग्रुलिक आणि पाइल यांच्या 1959 च्या अ‍ॅटलासमधल्या, म्हणजे वयवार लावलेल्या एक्स-रेंच्या पुस्तकातल्या, हातांशी ताडून बघतात. ते हात अमेरिकेतल्या पोरांचे, तेही त्याच्याही आधीच्या काळातल्या. हे मला जरा खटकलंच.

वय 9, हाडं साडेसातची. "म्हणजे वाढायला अजून वेळ आहे," डॉक्टर म्हणाल्या. रक्ताच्या तपासण्या पुढच्या आठवड्यात.

येताना रिक्षात लेक म्हणाली, "आई, मी साडेसातचीच असेन, तर बाईंना सांग ना, मला दुसरीचा गृहपाठ द्या."