मपला कोपरा

शाळेच्या गॅदरिंगसाठी आम्ही ‘सिंड्रेला’ ही इंग्रजी संगीतिका मराठीत बसवत होतो. तिच्यातलं ‘अशक्य’ हे गाणं आमच्या पोरांना काही केल्या पटेना.

तालमीचा चौथा दिवस. सहावीच्या वर्गातले बाक भिंतीला लावलेले, पाचवीतला एक पोरगा ढोलकी घेऊन खिडकीत बसलेला. परी सिंड्रेलाला म्हणते, भोपळ्याची कधी गाडी होते का, उंदरांचे कधी घोडे होतात का, छे, होणंच नाही! परीने हे म्हणायचा अवकाश, की जमिनीवर बसलेली दुसरी-तिसरीतली सगळी पोरं एका सुरात ओरडायची, “चल रे भोपळ्या टुणूक टुणूक!” तीन दिवस मी त्यांना गप्प करत होते. चौथ्या दिवशी तिसरीतला एकजण उभा राहिला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, “म्याडम, म्हतारी तर भोपळ्यात बसूनच लेकीकडून आली की.”

त्याचं खरं होतं. मूळ गाण्यातली सगळी गंमत यात आहे, की परी आधी ‘अशक्य, अशक्य’ म्हणून घोकते आणि मग हळूच उलटते: जगात शहाण्यांचं न ऐकणारे खुळे लोक आहेत, म्हणून अशक्य गोष्टी रोज घडतात. पण आमच्या पोरांच्या डोक्यात भोपळा पहिल्यापासूनच पळतो. त्याला परी लागत नाही, छडी लागत नाही, उंदरांचे घोडे लागत नाहीत. म्हातारी आत बसते, वाघाला चुकवते आणि घरी येते. मी ते गाणं तिथल्या तिथे सवाल-जवाबाचं केलं. परीने ‘होणंच नाही’ म्हणायचं, सगळ्या वर्गाने टुणूक टुणूक म्हणून उत्तर द्यायचं. ढोलकीवाल्याला कुणी सांगावं लागलं नाही, त्याने ठेका धरला सुद्धा.

ही गाणी माझ्याकडे कशी आली ते सांगते. डी.एड.ला असताना वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर मी रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांची ‘सिंड्रेला’ पाहिली. 1997 सालची, ब्रँडी नावाची गायिका सिंड्रेला झालेली आणि परीच्या कामात व्हिटनी ह्यूस्टन. सावळी सिंड्रेला मी पहिल्यांदाच पाहत होते. पुढे शोधत गेले तेव्हा कळलं, की ही संगीतिका मुळात रंगमंचासाठी नव्हे, टीव्हीसाठी लिहिलेली. 31 मार्च 1957 च्या रात्री अमेरिकेत ती थेट प्रसारित झाली, ज्युली अँड्र्यूज त्यात गायली आणि दहा कोटींहून जास्त लोकांनी ती पाहिली. प्रसारण रंगीत होतं, आज उरलंय ते काळं-पांढरं. म्हणजे एवढा मोठा खटाटोप एका रात्रीसाठी! शाळेच्या गॅदरिंगला वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाला ही गोष्ट जवळची वाटणारच.

आमची शाळा धारूर तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. बालाघाटाच्या उतारावरचं गाव. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकमध्ये बसून कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे साखर कारखान्याला जातात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, गावात उरतात म्हातारी माणसं आणि पोरं. शाळेच्याच आवारात हंगामी वसतिगृह चालतं. पोरं तिथे जेवतात आणि आजी-आजोबांकडे निजतात. गॅदरिंग 25 जानेवारीला असतं. म्हणजे आमच्या निम्म्या पोरांचं गाणं त्यांच्या आई-बापांनी कधीच ऐकलेलं नाही.

सावत्र बहिणींचं गाणं दोन दिवसांत बसलं. राजपुत्राला ती नाजूक पोरगीच का आवडावी, आमच्यासारखी ठणठणीत का नाही, अशी त्या दोघी तक्रार करतात. सातवीतल्या दोन पोरांनी लुगडी नेसून ते असं म्हटलं की स्वयंपाकाच्या मावशी पातेलं सोडून बघायला आल्या. राजवाड्यातल्या नाचाचं गाणं तीन मात्रांच्या चालीचं आहे. ते आमच्या ढोलकीवर दादऱ्यात सहज बसलं. धा धिं ना, धा तिं ना.

अडलं ते कोपऱ्याचं गाणं. घरातली सगळी सिंड्रेलाला कामाला जुंपतात, मग ती चुलीजवळच्या आपल्या कोपऱ्यात खुर्चीवर बसते आणि मनात येईल ते होते. कधी नॉर्वेची राजकन्या, कधी पेरूची राणी, कधी आफ्रिकेच्या जंगलातली शिकारी. त्यात कलकत्त्याचंही नाव येतं. संगीतिकेतलं माझं सगळ्यात आवडतं गाणं हेच. परीचं गाणं जादूचं आहे, हे बिनजादूचं. गाडी नाही, झगा नाही, फक्त एक बसायची जागा आणि डोकं.

मी लिहिलं होतं, ‘माझ्या छोट्याशा कोपऱ्यात’. ते बरोबर होतं, तरी मेलेलं होतं. ‘स्वतःच्या’ घालून पाहिलं, ते सरकारी वाटलं. ‘आपल्या’ घातलं, तर तो कोपरा सगळ्यांचाच झाला. सिंड्रेलाचं काम करणारी सातवीतली मुलगी रोज निमूट तसंच म्हणायची. ती मुळातच कमी बोलणारी. नांदायला गेलेल्या बाईसारखी पायाच्या अंगठ्याकडे बघत गायची, पण सूर पक्का. त्या दिवशी शेजारणीने तिच्या दप्तरावर पाय दिला आणि ती फिसकारली, “ए, मपलं हाय ते!”

मपलं. बीडकडचा माणूस ‘माझं’ म्हणतो तेव्हा ते नुसतं माझं असतं. ‘मपलं’ म्हणतो तेव्हा त्याला कुणी हात लावायचा नसतो. मी पेन घेतलं, ओळ खोडली आणि लिहिलं, ‘मपल्या मपल्या कोपऱ्यात’. तिला म्हणायला सांगितलं. तिने पहिल्यांदा वर पाहिलं. तिला वाटलं मी चिडवतेय. मी म्हणाले, खरंच, असंच म्हण. ती म्हणाली, आणि वर्ग गप्प झाला. वहीत असे शब्द लिहिले की आम्हीच लाल शाई चालवतो, हे मला तेव्हा फार लागलं.

मग नॉर्वे आणि पेरू कशाला ठेवायचे? मी सगळ्यांना कागद वाटले. डोळे मिटा, घरातला तुमचा मपला कोपरा आठवा, तिथे बसून तुम्ही काय होता ते लिहा. कुणी एस्टीचा कंडक्टर झाला, कुणी फौजदार, कुणी विमान. विमान चालवणारा नव्हे, विमानच. चौथीतल्या एकीने लिहिलं, ‘मी पाऊस होते आणि फक्त आमच्या रानात पडते.’ वसतिगृहातल्या एकाने लिहिलं, ‘मी फोनची रेंज होतो.’ ती चिठ्ठी मी पाकिटात ठेवली आहे.

सिंड्रेलाने तिचा कागद चार घड्या घालून दिला. “कुणाला सांगू नका,” म्हणाली. आत लिहिलं होतं:

मपल्या कोपऱ्यात बसते मी मुकादम व्हऊन,
उचलीची वही टाकते चुलीमंदी जाळून.

बाहेरच्या वाचकासाठी एवढंच सांगते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम म्हणजे टोळी जमवून कारखान्याला नेणारा. हंगामाआधी तो त्या कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो आणि ती ऊस तोडून फेडायची. नाही फिटली तर पुढच्या हंगामावर चढते. तिच्या आईची तीन हंगामांची चढलेली होती. आणि सिंड्रेला या नावातच राख आहे. ती राखेत बसणारी पोर. मी इतकी वर्षं ते गाणं ऐकलं, त्या राखेत काय जळलं असेल हे माझ्या मनात कधी आलं नाही.

मुख्याध्यापकांना मी कागद दाखवला. ते भला माणूस. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला. “मॅडम, खरं आहे. पण मंडपाचे पैसे मुकादमाने दिलेत. पहिल्या रांगेत बसणार. आणि परदेशातलं गाणं तुम्ही एवढं बदलायचं का?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. 1965 साली हीच संगीतिका पुन्हा केली, तेव्हा दुसऱ्या एका नाटकातून वगळलेलं गाणं राजपुत्राला दिलं. 1997 साली सावत्र आईला 1938 च्या नाटकातलं गाणं मिळालं आणि सुरुवातीला 1962 च्या नाटकातलं आलं. 2013 ला ब्रॉडवेवर आणताना कथाच नव्याने लिहिली. दर वेळी जे आपलं वाटलं ते त्यांनी आत घेतलं, पण कोपऱ्याचं गाणं कुणीच काढलं नाही. मग आमच्या चार ओळी आत आल्या तर काय बिघडलं? सर म्हणाले, “हे सगळं मला पटलं. मुकादमाचं काय?”

त्याचं उत्तर नव्हतं. पोरीची आई त्याच्याच टोळीत होती, सांगलीकडे कुठेतरी. माझी नोकरी जाणार नव्हती. जे व्हायचं ते तिच्या घराचं होणार होतं. म्हणून मी दोन रचना तयार केल्या. एका कडव्यात मुकादम, दुसऱ्यात पाऊस. तिला आणि तिच्या आजीला बोलावून सगळं उघड सांगितलं. आजी पदराने तोंड पुसत म्हणाली, “त्याला बी ठाव हाय की वही किती भरली ती. म्हणू द्या पोरीला तिला वाटंल ते.” पोरगी काही बोलली नाही. स्टेजवर जाईपर्यंत ती कोणतं कडवं म्हणणार, मला माहीत नव्हतं.

25 ची रात्र थंड होती. मंडपात पुढे सतरंजीवर घोंगड्या पांघरलेल्या आज्या, मागे पोरं, पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पाहुणे. भोपळ्याच्या गाण्याला अख्खा मंडप टुणूक टुणूक म्हणाला, म्हाताऱ्या सगळ्यांत मोठ्याने. मग कोपरा. चुलीसाठी तीन विटा, त्यात लाल कागद. ती विटांपाशी बसली. पावसाचं कडवं म्हणाली. मी श्वास सोडला. ढोलकी थांबायची होती तिथे ती थांबली नाही. पोरीने त्याच्याकडे पाहून मान हलवली, त्याने आवर्तन घेतलं आणि तिने मुकादमाचं कडवंही म्हटलं. अंगठ्याकडे न बघता.

सतरंजीवरून एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “व्हय गं बाई!” दुसरी म्हणाली, “पुन्हा म्हण.” तिने पुन्हा म्हटलं. मुकादम खुर्चीत पुढे झुकून, हात गुडघ्यांत घालून बसला होता. तोही कारखान्याकडून पैसे उचलतो, टोळी पळाली की त्याचंही शेत जातं, हे मला माहीत आहे. त्या क्षणी तो काय विचार करत होता ते त्याच्या तोंडावरून कळलं नाही. नाटुकलं संपल्यावर त्याने खिशातून नोट काढून निवेदकाकडे पाठवली. माइकवरून पुकारा झाला: सिंड्रेलाला 101 रुपये बक्षीस.

एका शिक्षकाच्या मोबाइलमध्ये तो सगळा कार्यक्रम आहे. हललेला, अर्ध्या वेळ समोरच्याच्या डोक्याचा. तिच्या आईला मी तो पाठवला. दोन निळ्या खुणा तिसऱ्या दिवशी आल्या.

त्या रात्री सतरंज्या गोळा करताना ती माझ्यामागे येऊन उभी राहिली. तोंडावरची पावडर तशीच. हातात शंभराची नोट आणि एक रुपया.

“म्याडम,” ती म्हणाली, “हे उचलीत धरतेत का?”

“नाही,” मी म्हणाले. “हे तुझं.”

“मपलं,” ती म्हणाली, आणि नोट घडी घालून कंपासपेटीत ठेवली.