दोन लाखांच्या ग्रँटकडून नक्की काय मागायचं

मी एका छोट्या संस्थेत प्रपोजल आणि रिपोर्ट लिहायचं काम करते आणि या कामात मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर वर्षअखेरच्या फॉर्ममधल्या एका रकान्याचा. दोन-अडीच लाखांची ग्रँट असते, त्यातून वाडीवर पाण्याची टाकी होते, बिलं लावून झाली, फोटो जोडून झाले, बायका सांगतात की हंडे घेऊन खाली उतरायचं वाचलं. आणि मग तो रकाना येतो की महिलांचा निर्णयातला सहभाग किती टक्क्यांनी वाढला. बारा महिन्यांत!

यावर कुणाशी वाद घालायची वेळ आली की मी सिएरा लिओनचं उदाहरण देते. पश्चिम आफ्रिकेतला गरीब देश, 1991 ते 2002 यादवी युद्धात पोळलेला. युद्धानंतर तिथे वर्ल्ड बँकेच्या पैशातून गोबिफो नावाचा कार्यक्रम झाला. बोम्बाली आणि बोन्थे या दोन जिल्ह्यांतली 236 गावं घेतली, त्यातली निम्मी लॉटरी पद्धतीनं निवडली आणि त्या प्रत्येक गावाला हप्त्याहप्त्यानं 4,667 डॉलर दिले. तेव्हाच्या भावानं साधारण दोन लाख रुपये, घरटी शंभर डॉलर, म्हणजे आपल्याकडच्या पन्नासेक उंबऱ्यांच्या वाडीसारखीच गावं ही. काय बांधायचं ते गावानंच ठरवायचं. कुणी शौचालयं बांधली, कुणी धान्य वाळवायला पक्कं खळं केलं, कुणी शाळा दुरुस्त केली, कुणी शेळ्या घेतल्या. सोबत अट अशी की बँक खात्यावर सही करणाऱ्या तिघांत एक तरी बाई हवी. आणि गावोगाव फिरून बैठका घेणारी, बायकांना आणि तरुण पोरांना बोलतं करणारी माणसं नेमलेली, त्या सगळ्यावर गावाच्या हातात पडलेल्या पैशाइतकाच खर्च झाला.

मला सगळ्यात आवडतं ते हे कसं तपासलं ते. केसी, ग्लेनर्स्टर आणि मिगेल या तीन अर्थतज्ज्ञांनी नुसती प्रश्नावली भरून घेतली नाही, कारण बाहेरचा माणूस वही घेऊन आला की बायका बैठकीत बोलतात का याचं उत्तर हो असंच येणार, आपल्याकडेही तेच होतं. त्यांनी काय केलं, सगळ्या गावांना, म्हणजे ग्रँट मिळालेल्या आणि न मिळालेल्याही, भेट देऊ केली: बॅटरीचे सेल घ्या नाहीतर मिठाच्या पिशव्या, तुमचं तुम्ही ठरवा. आणि बाजूला बसून नोंद केली की कोण बोललं, बायका किती बोलल्या, की मुखियानंच मिटवून टाकलं. नंतर एकेक मोठी ताडपत्री दिली आणि पाच महिन्यांनी परत जाऊन बघितलं की ती गावाच्या कामाला लागली की कुणाच्या घरी गेली.

2012 साली निकाल छापून आले. ग्रँटवाल्या गावांत बांधकामं जास्त आणि चांगली, बाजारात उलाढालही जास्त. पण बायकांचं बोलणं, एकत्र येऊन काही करणं, ताडपत्रीचं काय झालं, यात दोन्हीकडे फरक नाही. आणि काय तपासणार ते त्यांनी निकाल हातात येण्याआधीच लिहून ठेवलं होतं, कारण त्याच आकड्यांतून सोयीचे प्रश्न तेवढे उचलले तर गावकारभार सुधारला असंही दाखवता येत होतं आणि बिघडला असंही, हे त्यांनी स्वतःच करून दाखवलंय. त्या रकान्यात वर्षाला जे आकडे भरले जातात ते कसे येतात हे मला माहीत आहे, म्हणून हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो.

पण गोष्ट तिथे संपत नाही. कार्यक्रम सुरू झाल्यावर अकरा वर्षांनी ते परत त्याच गावांत गेले, मधे 2014 ची इबोलाची साथ येऊन गेलेली. बांधलेलं टिकलं होतं, बाजारही टिकला होता, आणि आता गावकारभारातही थोडासा, अगदी थोडासा, चांगला फरक दिसत होता. अकरा वर्षांनी! आपल्याकडे पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा 1993 पासून आहेत, महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या, तरी अजून कितीतरी गावांत खुर्चीवर बाई आणि कारभार नवऱ्याचा, मग दोन लाखांची टाकी हे वर्षात कुठून करणार सांगा ना.

यावरून छोटी ग्रँट वाया जाते असं कुणी म्हणालं तर मला ते अजिबात पटत नाही. इतक्याशा पैशात अकरा वर्षं टिकणारं काम होतं, याहून जास्त काय हवंय? देणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की टाकी झाली का, पाणी येतं का, हिशोब नीट आहे का, हे कडक विचारा, जरूर विचारा. सहीतली बाईची अट ठेवा, ती हवीच. तो टक्केवारीचा रकाना मात्र काढा, आणि त्या माहितीसाठी जो पैसा खर्च करता त्यातून पुढच्या काही वर्षांच्या दुरुस्तीचे, तोट्या-व्हॉल्व्हचे पैसे ग्रँटमध्येच धरा, आमच्याकडे त्यासाठीच दरवर्षी वणवण होते.