देवचाफा उघडा असतो तेव्हा

माघात आमच्या अंगणातल्या देवचाफ्यावर एक पान नसतं. राखी रंगाच्या फुगीर, बोथट फांद्या तेवढ्या उरतात. येणारा-जाणारा विचारतो, "झाड गेलं वाटतं?" गेल्या वर्षी माड साफ करायला आलेल्या दादांनी तर कोयता उचललाच होता. मी फांदीवर नख ओढून दाखवलं. सालीखाली हिरवंगार, आणि पाठोपाठ पांढरा चीक.

दिवाळीनंतर पानं गळतात, चाफा विश्रांतीला जातो. नेमकी तेव्हाच माणसं कळवळून त्याला पाणी घालतात आणि तेच त्याला बाधतं. हे झाड मूळचं मेक्सिको, मध्य अमेरिकेकडचं, कोरड्या महिन्यांना सरावलेलं. पाणी फांद्यांतच साठवून ठेवतं. मुळाशी ओल साचली की बुंधा मऊ पडून कुजतो. आमच्या रत्नागिरीच्या जांभ्यात पाणी थांबत नाही, म्हणून इथे तो सुखात असतो.

उन्हं तापायला लागली की शेंड्यांना कळ्यांचे घोस येतात, पुष्कळदा पानांच्याही आधी. वास चढतो तो दिवेलागणीनंतर. मोठे निशाचर पतंग त्या वासाने मधाच्या आशेवर येतात, आणि फुलात मध नसतोच! नुसत्या दरवळावर पराग इकडून तिकडे जातो, हे मला फार विलक्षण वाटतं. शेंग मात्र क्वचित धरते, त्यामुळे लावायची ती फांदीच.

आमचं झाड देवरुखच्या मावशीकडच्या फांदीचं. "तोडलीस की लगेच मातीत खुपसू नकोस हो," ही तिची ताकीद. चैत्र-वैशाखात हातभर लांबीची जून फांदी काढायची, पानं असतील तर उतरवायची आणि आठ-दहा दिवस पडवीत सावलीला ठेवायची. चीक सुकून कापावर खपली धरली की निम्मी वाळू घातलेल्या मातीत चार-सहा बोटं खोल रोवायची. पानं फुटेपर्यंत पाणी अगदी बेताने. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

पावसाळ्यात पानांमागे नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग. ती पानं झाडाखाली पडू देऊ नयेत.

आणि कृपा करून चाफा कुंपणासारखा गोल छाटू नका. फुलं शेंड्यालाच येतात, फुलून झालं की तिथूनच फाटे फुटतात. शेंडा उडवला की त्या फांदीचा पुढचा बहर गेला. मी फक्त एकमेकींत घुसलेल्या फांद्या काढते, आणि त्याच शेजारीपाजारी लावायला देते.