तुम्ही विचारलंत म्हणून: 'त्या बायका पिशवी का काढतात?'

मी बीडची, आरोग्याच्या कामातली, एवढं कळलं की पुण्या-मुंबईकडची माणसं हटकून विचारतात: तुमच्याकडच्या ऊसतोड बायका खरंच गर्भाशयाची पिशवी काढून टाकतात का? आणि इतक्या अडाणी कशा?

खरंच काढतात. २०१९ साली जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहातली एक. देशभरात हेच प्रमाण शेकडा तीनच्या आसपास आहे.

अडाणीपणाचं मात्र मला पटत नाही. त्यांचा हिशेब बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे दोघं मिळून एकच मजूर-जोडी धरतात. ऊसतोडीच्या हंगामाला गावातून निघण्याआधीच मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली. ती फिटेपर्यंत सुट्टी नाही. एक दिवस पडून राहिलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीवर चढतात. अंधारात उठायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. उसाच्या फडात ना आडोसा ना पाणी, पाळीचं कापड राहायच्या कोपीत (झोपडीत) वाळत नाही. लग्न अनेकींचं अठराच्या आतच झालेलं, पंचविशीच्या आत लेकरं आणि नसबंदीही उरकलेली. (पुरुषांची नसबंदी? हजारात एखादी सापडली तर माझ्याकडून चहा.) त्यात अंगावरून पांढरं जायला लागतं, ओटीपोट दुखतं, आणि तालुक्याच्या गावी कुणीतरी सोनोग्राफी करून सांगतं, पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल.

एकीनं मला ऐकवलं होतं, "ताई, लेकरं झाली, आता पिशवी ठिवून तिची पूजा करू का? दर महिन्याचा खाडा तुमी भरता का?" यात चुकीचं काय बोलली ती? समोर दोनच वाटा ठेवल्या तर माणूस त्यांतलीच धरणार.

तिसरी वाट आहे, आणि राग येतो तो याचाच. पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक वेळा तो संसर्ग असतो आणि औषधानं बरा होतो. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो, तयार व्हायला वर्षं घेतो, म्हणून आधीच पकडता येतो. हे सिद्ध झालं ते आमच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत. तिथल्या खेड्यांतल्या सुमारे १,३१,००० बायकांवर मोठा अभ्यास झाला, २००९ मध्ये तो छापून आला. एकदाच एचपीव्हीची तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. हा दुसरा गट तसाच ठेवला, यावर पुढं बरीच टीका झाली, आणि माझ्या मते ती रास्त होती. पण जगभर आज ही तपासणी सुचवली जाते त्यामागे आमच्या या बायका आहेत. आणि २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत देशातल्या तिशी ते पन्नाशीतल्या शंभर बायकांत दोघींचीही कधी गर्भाशयमुखाची तपासणी झालेली नव्हती.

मग पिशवी कधी काढूच नये का? काढावी की. मोठ्या गाठी, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणं, कॅन्सर, अशा वेळी ती वाचवणारी शस्त्रक्रिया आहे. अमेरिकेतही सिझेरियननंतर मूल होण्याच्या वयातल्या बायकांवर सर्वांत जास्त होणारी मोठी शस्त्रक्रिया हीच. पण तिशीच्या आत पिशवीबरोबर बीजकोशही गेले की पाळी जाण्याचे सगळे त्रास लगोलग सुरू होतात: अंगाची आग, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं. मग तिला मोळी उचलवत नाही, आणि खाडे पुन्हा सुरूच.

आता तुमच्यातलं कुणी शिबिर भरवायचं म्हणत असेल, तर एवढंच बघा: पाडवा होऊ द्या, पट्टा पडून (कारखान्याचा हंगाम संपून) माणसं घरी येऊ द्या. जानेवारीत या गावांत म्हातारी माणसं आणि मागं ठेवलेली लेकरंच असतात.