टीव्ही गेम, यंत्र दुसरे : उभे पट्टे अखेर गेले आणि आरएफच्या डब्याचा बेत बदलला

मागील नोंदीत हे यंत्र, म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या टीव्ही गेमची नक्कल असलेला माझ्याकडचा दुसरा क्लोन, उन्हाळा संपेपर्यंत बाजूला ठेवतो असे लिहिले होते, पण तो विचार आता सोडून दिला आहे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या पहिल्या टप्प्यातले निळे आकाश काल रात्री कॉम्पोझिट तारेवरून, म्हणजे चित्र टीव्हीला थेट देणाऱ्या तारेवरून, एकसंध निळे दिसले. ज्यांनी साठ पिनांच्या क्लोनवर एव्ही (चित्र आणि आवाजाचे थेट जॅक) काढण्याचा उद्योग केला आहे, त्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. इतरांनी एवढेच ध्यानात घ्यावे की उभे पट्टे काळ्या पार्श्वभूमीवर लपतात, चित्रविचित्र पार्श्वभूमीवर मिसळून जातात, पण सपाट निळ्या रंगावर एकही पट्टा लपत नाही, आणि म्हणूनच हे आकाश आपल्या सर्वांची परीक्षा घेते.

पट्टे कुठून येतात याबद्दल मागे बरीच चर्चा झाली होती, तिचा धागा आधी पुढे नेतो. चित्र तयार करणारी आयसी, म्हणजे आपल्या बोर्डवरची यूए६५३८, प्रत्येक आठ पिक्सेलांसाठी चार वेळा स्मृती वाचते. या वाचनात पत्त्याच्या आणि डेटाच्या रेषा एकदम वरखाली होतात आणि त्यांचा गोंगाट २१ क्रमांकाच्या पिनमधून निघणाऱ्या चित्राच्या संकेतात शिरतो. वाचनाचा क्रम प्रत्येक ओळीत तोच असल्यामुळे गोंगाटही प्रत्येक ओळीत त्याच जागी उमटतो, आणि ओळीखाली ओळ येऊन त्याचा उभा पट्टा होतो. निन्टेन्डोच्या १९८३ च्या मूळ फॅमिकॉममध्येही हा दोष आढळतो. क्लोनच्या एकपदरी, काटकसरीने आखलेल्या बोर्डवर तो अधिक तीव्र असतो, कारण चित्राची रेषा इतर रेषांना चिकटूनच आरएफ मॉड्युलेटरपर्यंत, म्हणजे चित्र व आवाज टीव्हीच्या चॅनलवर चढवणाऱ्या पत्र्याच्या डब्यापर्यंत, धावते.

२१ क्रमांकाची पिन बोर्डवरून उचलून ट्रान्झिस्टर थेट तिच्या पायाशी बसवणे आणि ४० (पुरवठा) व २० (अर्थिंग) या पिनांच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर आयसीच्या पोटाखाली लावणे, हे दोन्ही नेहमीचे उपाय झाले होते. त्यांनी पट्टे फिके केले, पण घालवले नाहीत. शिवाय एक रुंद आडवा पट्टा अत्यंत संथपणे वर सरकताना दिसे, आणि या दुसऱ्या पट्ट्यानेच सर्वाधिक वेळ खाल्ला, कारण दोन्ही दोषांचे मूळ एकच असावे असे प्रत्येक निरीक्षणातून वाटत राही. प्रत्यक्षात तसे नव्हते. आपल्या विजेची आवर्तने ५० आणि चित्राच्या चौकटीही सेकंदाला जवळजवळ ५०, त्यामुळे अॅडॉप्टरमधून येणारी विजेची लहर पडद्यावर जणू ठाण मांडून बसते आणि दोन आकड्यांतल्या किंचित फरकाइतकीच हळूहळू सरकते. अॅडॉप्टर बदलून स्थिर ९ व्होल्टचा पुरवठा लावताच आडवा पट्टा गेला, आणि तेव्हा कुठे उभ्या पट्ट्यांचा प्रश्न स्वतंत्रपणे समोर उभा राहिला.

पुढचे श्रेय भुसावळच्या आप्पांना द्यावे लागेल. आप्पांनी आयुष्यभर पिक्चर ट्यूबचे टीव्ही दुरुस्त केले आहेत. माझे बोर्ड त्यांनी हातात घेतले, दोनदा उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “भाऊ, या जॅकची अर्थिंग तू घेतली कुठून?” प्रचलित आकृत्यांमध्ये दाखवतात तशी ती मॉड्युलेटरच्या पत्र्यावरून घेतलेली होती. आप्पांचे म्हणणे असे की, त्या पत्र्यापासून आयसीपर्यंत परत जाणारा तांब्याचा मार्ग अगदी बारीक आहे आणि त्याच मार्गाने बाकी सगळ्या आयसींचा प्रवाहही परततो. म्हणजे चित्राची तार कितीही जपली, तरी तिचा परतीचा रस्ता गोंगाटातूनच जातो. आपण सर्व जण २१ क्रमांकाच्या पिनकडे पाहत राहिलो आणि २० क्रमांकाच्या पिनचा विचार फारसा कुणी केला नाही.

घरी आल्यावर जॅकची अर्थिंग पत्र्यावरून काढली आणि जाड तारेने थेट २० क्रमांकाच्या पिनवर नेली. ट्रान्झिस्टरचा कलेक्टरही तिथेच जोडला. ट्रान्झिस्टरला मिळणारे ५ व्होल्ट एका फेराइटच्या मण्यातून घेतले आणि मण्यापुढे १०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावला. मणी संगणकाच्या मृत पॉवर सप्लायमधून निघाला. पट्टे एवढे फिके झाले की ते पाहण्यासाठी पडद्याला नाक लावावे लागत होते. मग मॉड्युलेटरला जाणारा ५ व्होल्टचा पुरवठा तोडला, आणि उरलेसुरले पट्टेही नाहीसे झाले. मॉड्युलेटरमधला ऑसिलेटर आपण आरएफ वापरत नसतानाही चालूच असतो आणि त्याच पुरवठ्यावर आपली भर घालत असतो. पॉलिटेक्निकमधल्या एका मित्राने ऑसिलोस्कोपवर आधीचा आणि नंतरचा पुरवठा दाखवला, तेव्हा उरलेली शंकाही फिटली. ज्यांच्याकडे ऑसिलोस्कोप नाही त्यांनी अडून बसू नये. मारिओचे आकाश हे तितकेच प्रामाणिक मोजमाप आहे.

स्वच्छ चित्राचा पहिला लाभ अनपेक्षित निघाला. बहुखेळी कॅसेटमधला ‘काँट्रा’ सुरू केला आणि जंगलातल्या झाडांची पाने हलताना दिसली. टप्पा संपल्यावर बेटाचा नकाशाही आला. ही दोन्ही लक्षणे १९८८ च्या जपानी आवृत्तीची आहेत, अमेरिकी आवृत्तीत ती नाहीत. आरएफच्या मुंग्यांमधून आणि पट्ट्यांमधून ती हालचाल आजवर कधी जाणवलीच नव्हती. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी जपानी ‘काँट्रा’ खेळला असण्याची शक्यता त्यामुळे माझ्या दृष्टीने बरीच वाढली आहे, आणि आपापल्या कॅसेटमध्ये हे तपासून पाहावे अशी विनंती आहे.

इम्युलेटरवर, म्हणजे संगणकात जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, खेळ लहानपणापेक्षा वेगवान का वाटतो असे मागे कुणीतरी विचारले होते, त्याचे उत्तर या यंत्राने नेमके दिले. इम्युलेटरवर काँट्रा धावतो असे वाटते ते केवळ आपले वय झाले म्हणून नव्हे. जपानी यंत्र सेकंदाला साधारण ६० चौकटी दाखवते आणि आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीचे क्लोन ५० दाखवतात, म्हणून खेळ पाच-षष्ठांश वेगाने चालतो. संगीताची लय चौकटींवर बेतलेली असल्यामुळे तीही संथ होते. स्वराची पट्टी मात्र जवळपास तीच राहते, कारण या क्लोनमध्ये २६.६०१७१२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला १५ ने भागून प्रोसेसर १.७७३ मेगाहर्ट्झवर चालतो आणि मूळ जपानी यंत्राचा आकडा १.७९० आहे. अधिकृत पाल यंत्रात १६ ने भागतात, त्यामुळे तिथे स्वरही उतरतो. म्हणजे संथ लय आणि न उतरलेला स्वर ही जोडी क्लोनचीच, आणि आपल्या कानांत बसली आहे तीही हीच. मेसेनसारख्या इम्युलेटरमध्ये ‘डेंडी’ (रशियातला असाच एक क्लोन) हा पर्याय निवडला तर ती ऐकायला मिळते. जळगाव-धुळ्याकडे सुट्टीत टीव्ही गेम भाड्याने आणून खेळलेल्या पिढीने तो पर्याय एकदा तरी लावून पाहावा.

सुट्या भागांबद्दल थोडे. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये आता मोबाइलचे भाग वाट्टेल तेवढे मिळतात, पण बीसी५५८ ट्रान्झिस्टर किंवा स्थिर ५ व्होल्ट देणारा साधा ७८०५ मागितला की जुन्या दुकानदारालाही कपाट उघडावे लागते. तरीही शक्य असेल तिथे मी हाताने निवडून घेण्याच्या बाजूचा आहे. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेल्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरांची क्षमता छापलेल्या आकड्याच्या जवळपासही नव्हती, आणि मीटरवर तपासल्याशिवाय कोणताही कॅपॅसिटर लावू नये हा माझा आग्रह त्यानंतर अधिकच पक्का झाला आहे. सोल्डरिंगच्या इस्त्रीच्या बाबतीत २५ वॅटची सोल्ड्रॉन या कामाला पुरेशी आहे. महागड्या स्टेशनची गरज मला अजून भासलेली नाही, उत्तम सोल्डर विकची (वितळलेले सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या फितीची) मात्र रोज भासते. आणि आपल्याकडचा मे महिना लक्षात घेता ७८०५ ला मोठे हीटसिंक द्यावेच. ४५ अंशांच्या खोलीत मूळचा पत्र्याचा तुकडा मुळीच पुरत नाही.

आरएफच्या डब्याचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. मूळ बेत असा होता की त्याचा पुरवठा एका स्विचवर घ्यायचा, म्हणजे एव्ही वापरताना तो बंद राहील आणि एव्ही नसलेल्या जुन्या टीव्हीसाठी पुन्हा चालू करता येईल. हे लिहीत असताना मात्र अधिक चांगला मार्ग सुचतो आहे. डबा यंत्रातून पूर्णपणे बाहेर काढावा, त्याला स्वतंत्र पेटी आणि स्वतंत्र पुरवठा द्यावा आणि त्याच्या तोंडाशी कॉम्पोझिट व आवाजाचे जॅक लावावेत. मग हा एकच डबा तीनही यंत्रांना वापरता येईल, आणि ट्यूनर फिरवून चॅनल शोधण्याचा आनंदही शाबूत राहील, जो मला काही केल्या गमवायचा नाही. स्विचसाठी पाडलेले छिद्र रिसेटच्या तारेसाठी उपयोगी पडेल.

झाडांची हलणारी पाने दिसल्यापासून कॅसेटचा विषय मात्र डोक्यातून जात नाही, आणि त्यामुळे पुढचा क्रमच बदलला आहे. आधी पडद्यावर नेम धरायच्या बंदुकीचे काम हाती घ्यायचे होते, आता आधी कॅसेट वाचायची, म्हणजे तिच्यातला मजकूर संगणकावर उतरवून घ्यायचा आहे. या बहुखेळी कॅसेटमध्ये आयसीच्या जागी काळ्या राळेचा थेंब असतो, त्याखाली उघडी चिप असते आणि ती गेली की तिच्याजागी बसवायला काहीही मिळत नाही. कोणत्या कॅसेटमध्ये कोणती आवृत्ती आहे, कोणत्या खेळात कुणी फेरफार केले आहेत, मेनूत एकाच खेळाचे वेगवेगळे टप्पे वेगळ्या नावांनी कसे मांडले आहेत, हे सगळे त्या थेंबाखालीच आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ तेव्हा बाजारात अधिकृतपणे उपलब्ध नव्हते. हे अधिकृत खेळांचे झाले. अमळनेरच्या यात्रेतून किंवा धुळ्याच्या एखाद्या दुकानातून घरी आलेल्या बेनामी कॅसेटची मोजदाद त्यात कुठून असणार?

उद्योग ज्या दिशेला चालला आहे ती पाहता हे काम मला अधिक निकडीचे वाटते. थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांची ऑनलाइन दुकाने निन्टेन्डोने २७ मार्च २०२३ रोजी बंद केली. ‘द क्रू’ हा २०१४ चा खेळ एकट्याने खेळायचा असला तरी सर्व्हर लागे, आणि ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाल्यावर तो विकत घेणाऱ्यांनाही खेळता येईनासा झाला. माझ्यासमोरच्या प्लास्टिकच्या कॅसेटला कुणाच्याही परवानगीची गरज नाही. तिला फक्त ५ व्होल्ट लागतात आणि साठ स्वच्छ पिना लागतात. नवीन खेळांबद्दल माझ्या मनात राग नाही, पुतण्याबरोबर मीही ते आवडीने खेळतो. पण विकत घेतलेली वस्तू आपल्याजवळ राहावी, एवढी अपेक्षा अवाजवी आहे असे मला मुळीच वाटत नाही.

कॅसेट वाचण्यासाठी आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डवर आधारलेली जोडणी करायला घेतली आहे. प्रोसेसरच्या बाजूने एका वेळी ३२ किलोबाइट आणि चित्रांच्या बाजूने ८ किलोबाइट एवढेच दिसते, बाकीचे भाग बँक (स्मृतीचा तुकडा) बदलून पुढे आणावे लागतात. अशा अनेक कॅसेटमध्ये बँकेचा क्रमांक लिहिलेल्या मूल्यात नसतो, तो ज्या पत्त्यावर लिहिले त्या पत्त्यातच दडलेला असतो. म्हणून प्रत्येक पत्त्यावर लिहून काय बदलते ते नोंदवत जावे लागेल. साठ पिनांचे कनेक्टर एका निकामी क्लोनमधून काढून ठेवले आहे.

बंदुकीचे काम त्यानंतर. ती पिक्चर ट्यूबवरच चालते, कारण ट्रिगर दाबताच पडदा क्षणभर काळा होऊन लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि त्याच चौकटीत सेन्सरला तो दिसावा लागतो. एलसीडीचा विलंब तेवढी सवलत देत नाही. भंगारात जाणारा २१ इंची टीव्ही आप्पांनी माझ्यासाठी अडवून ठेवला आहे.

ज्यांच्या बोर्डवर यूए६५३८ आणि यूए६५२७पी (प्रोसेसर) ही जोडी आहे, त्यांनी मॉड्युलेटरचा पत्रा आणि २० क्रमांकाची पिन यांच्यामधला व्होल्टेज यंत्र चालू असताना मिलिव्होल्टच्या पट्टीवर मोजून कळवावा, आणि सोबत बोर्डवर छापलेला क्रमांकही द्यावा. वेगवेगळ्या बोर्डांचे आकडे हाती आले की अर्थिंगची एक सर्वांना चालेल अशी आकृती काढता येईल.